वाकडी काकडी, सरळ हिशेब

मैत्रिणींनो, भेंडी घेताना तुम्ही काय करता? अगदी खरं सांगा. एकेक भेंडी उचलायची, अंगठ्यानं टोक मोडायचं. कट् असा आवाज आला की कोवळी, नुसती वाकली की जून. बरोबर ना? माझ्या आईनं मला हेच शिकवलं आणि मी माझ्या लेकीला. "आमची सून भाजी काय निवडून आणते!" हे सासूबाईंचं वाक्य ऐकून मी कितीतरी वर्षं मनातल्या मनात खूश होत आले.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मात्र या कौतुकाची मला लाज वाटली.

नांदेडचा इतवारा सकाळी कसा फुललेला असतो, हे इथल्या बायकांना मी काय सांगणार? त्या दिवशी नेहमीच्या मावशींपुढे बसून मी भेंडी निवडत होते. घ्यायची होती पावशेर, पण चाळली असेल किलोभर. पैसे देऊन उठणार, तेवढ्यात मावशी हळूच म्हणाल्या, "ताई, तुम्ही टोकं मोडून ठिवलेल्या ह्या भेंड्या आता कोन घेईल?"

मी खाली बघितलं. वीस-पंचवीस भेंड्या टोकं मोडून पडलेल्या. सगळ्या जून होत्या असंही नाही. एखादी जरा वाकडी, एखादी जाडसर, एखादीवर पानाचा ओरखडा. माझ्यानंतर येणारी बाई टोक मोडलेली भेंडी बघून म्हणणार, कुणीतरी नाकारलेली दिसतेय, आपण कशाला घ्या?

"अहो मावशी, एवढ्याशानं काय होतंय!" असं म्हणून मी वेळ मारून नेली. तेव्हा त्यांनी शेजारचं पोतं उघडून दाखवलं. आत वाकड्या काकड्या, दोन पायांची गाजरं, डाग पडलेली वांगी, कुणीतरी नख लावून ठेवलेला दुधी. "हे सांजचं उरतं. थोडं घरी, थोडं शेळीला, बाकीचं उकिरड्यावर. पैसे मात्र मी पहाटं हर्राशीत समद्याचे मोजलेत."

घरी येईपर्यंत हे शेवटचं वाक्य डोक्यातून गेलं नाही. मी सामाजिक काम करते, बचत गटाच्या बायकांना हिशेब शिकवते. आणि माझ्या पावशेर भेंडीचा खर्च मावशींच्या खिशातून जात होता, हे मला इतक्या वर्षांत कधी दिसलंच नाही!

बांधावर राहिलेली टोपली

माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं, औसा तालुक्यात. भाऊ शेती करतो. थोडी भाजी, थोडं सोयाबीन, तूर. दिवाळीला गेले तेव्हा मी त्याला हा किस्सा सांगितला. तो हसला. म्हणाला, "अगं ताई, तुझ्या मावशीपर्यंत जो माल येतो ना, तो आधीच निवडून आलेला असतो. खरं वाकडं बघायचं तर माझ्या बांधावर ये."

दुसऱ्या दिवशी टोमॅटोची तोडणी होती. बायका तोडत होत्या आणि वहिनी कॅरेट भरत होती. एकसारखे, लालबुंद, गोल टोमॅटो कॅरेटमध्ये. तडकलेले, चपटे, बारीक, बुडाशी काळा ठिपका असलेले बाजूच्या ढिगात. मी विचारलं, यांचं काय करायचं? भाऊ म्हणाला, "कॅरेटचं भाडं, हमाली वाकड्या मालालाही तेवढीच. भाव मात्र निम्मासुद्धा नाही. नेऊन परवडत नाही आणि इथं ठेवून टिकत नाही." त्यातले थोडे घरी आले, थोडे जनावरांपुढे गेले, बाकीचे तिथंच सडले.

आपल्या देशात काढणीपासून बाजारापर्यंत किती माल वाया जातो, याचा अभ्यास भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या लुधियानाच्या संस्थेनं केला होता. २०१५ मध्ये त्याचे आकडे जाहीर झाले. भाज्यांमध्ये सगळ्यात जास्त नासाडी टोमॅटोची, १२ टक्क्यांच्या वर. फळांमध्ये पेरूची, जवळजवळ १६ टक्के. हे सगळं काही वाकडेपणामुळे नाही. उष्णता, आदळआपट, साठवणुकीची सोय नसणं अशी कितीतरी कारणं त्यात आहेत. पण जो माल 'दिसायला बरा नाही' म्हणून मागे राहतो, त्याचा नंबर नासण्यात पहिला लागतो, हे मी डोळ्यांनी बघितलं.

नांदेडजवळच्या अर्धापूरची केळी तर आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. ही केळी परदेशातही जातात. तिकडे जाणाऱ्या फणीतल्या केळ्याची लांबी बघतात, जाडी बघतात, सालीवर ओरखडा चालत नाही. धुऊन, पुसून खोक्यात भरतात. त्या खोक्यात न बसलेली फणी इथल्या गाड्यावर येते. गोडी तीच असते. आणि आपण? गाड्यावर उभं राहून पुन्हा तिच्यातले ठिपके मोजतो!

वाकडं का होतं?

मला वाटायचं, वाकडी भाजी म्हणजे काहीतरी रोग. भावानं आणि त्याच्या ओळखीच्या एका कृषी सहायकानं मला शाळेतल्या मुलीसारखं समजावून सांगितलं.

काकडी वाकते, कारण फूल असताना परागीभवन नीट झालेलं नसतं, नाहीतर मध्येच पाण्याचा ताण पडलेला असतो. गाजराला दोन पाय फुटतात, कारण वाढताना मुळाला खडा किंवा घट्ट ढेकूळ आडवं आलेलं असतं. टोमॅटो तडकतो, कारण कोरड्यानंतर एकदम पाऊस किंवा जास्त पाणी मिळालेलं असतं. बुडाला काळं पडतं ते झाडाला चुना, म्हणजे कॅल्शियम, नीट न पोचल्यामुळे. तेवढा भाग कापून टाकला की बाकीचा टोमॅटो भाजीत घालायला हरकत नसते.

आणि आपल्या मराठवाड्याची मोसंबी! तिच्या सालीवर कधीकधी तपकिरी, काळपट थर दिसतो. शेतकरी त्याला 'मंगू' म्हणतात. अगदी बारीक कोळी सालीतला रस शोषतात, म्हणून साल तशी होते. बाजारात अशा मोसंबीचा भाव पडतो. पण सोलून बघा, आत नेहमीसारख्याच रसाच्या फोडी. इतकी वर्षं मी मंगूची मोसंबी 'सडकी' म्हणून बाजूला सारत होते. सासूबाई आजारी असताना रसासाठी दुप्पट भावाची चकचकीत मोसंबी आणली होती, ते आठवून आता हसू येतं.

आणखी एक गोष्ट भाऊ बोलला, ती लातूरच्या माणसालाच सुचावी. म्हणाला, "वाकडी काकडी काही पाणी कमी पीत नाही गं."

खरंच की! २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीतून ५ लाख लिटर आलं. तेव्हा लातूरकर बायकांनी घागरींच्या रांगेत काढलेल्या रात्री कुणी विसरलेलं नाही. भांडी विसळलेलं पाणी झाडाला, झाडाचं उरलेलं संडासाला, असे दिवस काढले आपण. आता हे ऐका. जगाची सरासरी धरली तर एक किलो टोमॅटो पिकायला पावसाचं आणि विहिरीचं मिळून १७० लिटरच्या आसपास पाणी लागतं, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे किलोभर तडकलेले टोमॅटो उकिरड्यावर गेले की तेवढं पाणीही गेलं. घागरीतलं पाणी सांडलं तर आपण लेकराला रागावतो. टोमॅटोतलं सांडतं ते दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

आणि निसर्ग काय दरवर्षी सरळ वागतो? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाडाभर झालेला पाऊस आठवा. अशा वर्षी शेतात जे वाचतं, त्याच्यावर डाग असणारच. ज्या वर्षी शेतकऱ्याला चार पैशांची सगळ्यात जास्त गरज, त्याच वर्षी त्याचा माल 'डागी' ठरतो.

परदेशातही हेच

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. युरोपात १९८८ मध्ये चक्क काकडीच्या बाकाचा नियम होता. वरच्या दर्जाची काकडी असेल तर दर १० सेंटिमीटर लांबीला १० मिलिमीटरपेक्षा जास्त बाक नको! लोकांनी या नियमाची भरपूर टर उडवली. शेवटी २००९ मध्ये काकडीसकट २६ फळा-भाज्यांच्या रंगरूपाचे असे नियम रद्द झाले. पोर्तुगालमध्ये इझाबेल सोअरेस नावाच्या बाईंनी २०१३ मध्ये लिस्बनला 'फ्रुता फेया' म्हणजे 'कुरूप फळं' या नावाची सहकारी संस्थाच काढली. शेतकऱ्याकडे पडून राहणारी फळं-भाजी घ्यायची आणि सभासदांना टोपलीनं द्यायची. फ्रान्समधल्या एका मोठ्या दुकान-साखळीनं २०१४ मध्ये वेडीवाकडी फळं-भाज्या ३० टक्के कमी भावात विकून दाखवली. लोकांनी रांगा लावून नेली.

हे वाचलं आणि माझ्या मनात आलं, अगं, हे तर आपल्याकडे होतंच की! माझ्या लहानपणी आठवडी बाजारात टोमॅटो, वांगी, मिरच्या वाट्यानं मिळायच्या. चार आण्याला वाटा. त्यात लहान-मोठं, सरळ-वाकडं सगळं आलं. उचलायचं आणि पिशवीत टाकायचं. वाटा चिवडायची पद्धतच नव्हती.

आणि आपली येळवस? वेळा अमावस्येला लातूरकडे सगळं गाव शेतात जातं. त्या दिवशीच्या भज्जीत काय नसतं! तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, वांगी, गाजर, पालेभाजी, जे शेतात असेल ते. सगळं एका पातेल्यात, वर बेसन. कोपीपुढे बसून आंबिलाबरोबर भज्जी खाताना कुणी कधी विचारलंय का, त्यातलं गाजर सरळ होतं की वाकडं? इकडे नांदेडला गुरुद्वारात लंगरच्या सेवेला बसणाऱ्या बायकांना बघा. समोर आलेली भाजी निवडायची, खराब तेवढं काढायचं, बाकीचं कढईत. हजारोंचं जेवण असंच होतं.

आमच्या गटाचा प्रयोग

एवढं सगळं कळल्यावर गप्प कसं बसायचं? आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी विषय काढला. आम्ही बाराजणी. ठरलं असं, की मावशींनी वाकडा पण ताजा माल वेगळ्या टोपलीत ठेवायचा, पोत्यात टाकायचा नाही. आम्ही आळीपाळीनं तो घ्यायचा.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. आमच्यातली एक म्हणाली, "डागी आहे ना? मग दहा रुपये किलो द्या." मावशींनी टोपली मागे ओढली. म्हणाल्या, "ताई, असं फुकटात मागायचं असंल तर माझी शेळी बरी." आम्ही सगळ्याजणी एकमेकींकडे बघायला लागलो. खरं सांगते, मीही मनातून स्वस्ताचाच हिशेब करत होते. चांगलं काम केल्याचं समाधानही हवं आणि भाजीही फुकट हवी!

मग आम्ही नियम केला. मावशींनी पहाटे ज्या भावानं घेतलं, त्याच्याखाली मागायचं नाही. चांगल्या मालाचा भाव ४० असेल तर टोपलीचा २५-३०. आमचेही पैसे वाचले आणि त्यांचंही मुद्दल निघालं.

दुसरी चूक माझी एकटीची. स्वस्त मिळतात म्हणून एकदा पाच किलो पेरू घरी आणले. दोन दिवस जेली करीन, परवा करीन म्हणत ठेवले आणि शेवटी निम्मे फेकले. म्हणजे मावशींच्या पोत्यातला कचरा मी पैसे देऊन माझ्या घरी आणला! संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ च्या अहवालात अंदाज दिलाय, आपल्या देशात घराघरांतून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं. जगातही वाया जाणाऱ्यापैकी ६० टक्के घरांतूनच जातं. तेव्हा दोष फक्त बाजाराला देऊन चालणार नाही, आपल्या फ्रिजमधला खालचा कप्पाही उघडून बघायला हवा.

बारापैकी आज सातजणी हे नेमानं करतात. पाचजणींनी सोडलं. कुणाच्या घरी नवऱ्याला आवडलं नाही, कुणाला पाहुण्यांसमोर संकोच वाटतो. मी आग्रह करत नाही. पण मावशींचं संध्याकाळचं पोतं आता निम्म्यावर आलंय, हे त्याच सांगतात.

काय घ्यायचं, काय नाही

आता कामाचं सांगते. वाकडं, लहान, जोड, ओरखड्याचं, मंगूचं, सालीवर डाग असलेलं बिनधास्त घ्या. गोल्टी कांदे भरून करा, मोठ्या कांद्यापेक्षा छान लागतात. वाकडी काकडी, दोन पायांचं गाजर किसणीवर एकच. काकडी थोराड झाली असेल तर बिया काढून किसा आणि धपाटे लावा. तडकलेल्या टोमॅटोचं त्याच दिवशी सार करा. जून दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी, पिकून मऊ झालेल्या पेरूची गूळ घालून भाजी, काळे ठिपके पडलेल्या केळ्यांचे गुलगुले. २०२४ मध्ये लातूरच्या कास्ती कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याला केवढा अभिमान वाटला! मग कुठल्याही कोथिंबिरीच्या काड्या केरात कशाला? वाटणात घाला, येसर आमटीला उलट जास्त वास येतो.

पण वाकडं म्हणजे सडकं नाही, हे लक्षात ठेवा. बुरशी आलेली मऊ फळं, पाणी सुटलेली किंवा आंबूस वास येणारी भाजी, हिरवे पडलेले किंवा मोड आलेले बटाटे, बुरशी लागलेले शेंगदाणे हे घेऊ नका. 'एवढासाच भाग खराब आहे' म्हणून मऊ फळाची बुरशी कापून मुलांना देऊ नका. आणि डागी माल त्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी लागेल एवढाच आणा.

जमलं तर थेट शेतकऱ्याकडून घ्या. २०१६ पासून आपल्या राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला शेतकऱ्याला मोकळीक आहे. तालुक्याच्या आठवडी बाजारात पोतं अंथरून बसलेली बाई बऱ्याचदा स्वतःच्याच रानातलं विकत असते. तिच्यापुढचा माल न चिवडता घेतलात, तर पुढच्या बाजारी ती बांधावरची टोपलीही घेऊन येईल.

मला कुणीतरी विचारलं, तुमच्या सात बायकांनी काय होणार? मी म्हटलं, २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला होता, आठवतंय? तेव्हा आपण सगळ्यांनीच मऊ, डागी, चपटे टोमॅटो निमूटपणे उचलले होते. कुणी तब्येतीची काळजी केली नाही, कुणाच्या पाहुण्यांनी नाव ठेवलं नाही. म्हणजे खाता येतं हे आपल्याला माहीत आहे. स्वस्ताई आली की आपली नजर पुन्हा चोखंदळ होते. आडत्या आपल्या नजरेकडे बघून माल घेतो, आणि शेतकरी आडत्याकडे बघून टोपली बांधावर ओततो. शेवटी हा नियम आपल्याच हातानं चालतो.

परवा लेक माझ्याबरोबर बाजारात आली होती. सवयीनं तिनं भेंडी उचलली आणि अंगठा टोकाला लावला. मी काही बोलायच्या आत मावशीच म्हणाल्या, "अगं पोरी, मोडू नको. हातानं दाबून बघ, कवळी असंल तर कळतंय." लेकीनं मोडलेली भेंडी खाली ठेवली नाही, मुकाट्यानं आपल्या पावशेरात टाकली.

तेवढंच करा, मैत्रिणींनो. या रविवारी बाजारात जाल तेव्हा मोडलेली भेंडी परत ठेवू नका आणि एक तरी वाकडी काकडी पिशवीत टाका. कोशिंबिरीत ती ओळखू आली, तर मला जरूर कळवा!